पोरांनी टाकलेल्या ओव्हर धावफलकात छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये मी टर्नर आहे, म्हणजे लेथवर काम करतो. वय ४६. मधली काही वर्षं सोडली तर पंधराव्या वर्षापासून लेदर बॉलनं गोलंदाजी करतोय आणि सतराव्या वर्षापासून माझी कंबर दुखते. कंबर सांभाळून चांगली बॉलिंग कशी करायची हे मला आता बऱ्यापैकी कळलंय. ते कळायला माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्या पोरांची जाऊ नयेत म्हणून हे पत्र लिहितोय. माझं नाव छापू नये ही विनंती. नाव आलं तर मी कुठल्या क्लबातून खेळलो, मला कोण शिकवायचं, हे पेठेत लगेच कळेल आणि मला कुणा एकाला दोष द्यायचा नाही. त्या काळी सगळ्यांना तेवढंच ठाऊक होतं.

उन्हाळी शिबिरांचे फलक आता लागायला लागलेत. गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा अशाच एका शिबिरात होता. वय १५, उजव्या हाताचा मध्यम जलद, अंगानं काटक, बॉल छान आत आणतो. मेमध्ये एका रात्री तो आमच्याकडे जेवायला आला आणि खाली बसताना डावा हात कमरेवर ठेवून, तोंड आवळून बसला. विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई मामा, आखडलंय." घास माझ्या हातातच राहिला. १९९७ साली मीही माझ्या आईला हाच शब्द सांगितला होता, असाच डावा हात कमरेवर ठेवून.

जेवण झाल्यावर मी वही काढली आणि त्याला आठवड्याचा हिशेब सांगायला लावला. सकाळी नेटमध्ये साधारण आठ ओव्हर, संध्याकाळी सहा, सोमवार ते शनिवार. रविवारी सामना, त्यात दहा. बेरीज ९४ ओव्हर. म्हणजे सात दिवसांत ५६४ बॉल. शिबिरात हा आकडा कुणालाच माहीत नव्हता, कारण कुणी मोजलाच नव्हता. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. नेटमध्ये वीस पोरांना बॅटिंग हवी असते आणि सरळ टाकणारे दोन-तीनच असतात. मग "तूच टाक अजून दोन" असं म्हणत म्हणत त्याच पोराच्या अंगावर सगळं येतं. चांगला टाकतो हाच त्याचा गुन्हा.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं जलद गोलंदाजांसाठी वयाप्रमाणे मर्यादा घालून दिल्या आहेत. तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकाकडून एका दमात, ५ ओव्हर, दिवसभरात १०. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत ७ आणि १८. शिवाय सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही, अशी शिफारस आहे. आमचा पोरगा सातही दिवस टाकत होता, त्यातले सहा दिवस चौदा-चौदा ओव्हर.

आता माझं सांगतो. १९९७ च्या हिवाळ्यात निवड चाचणी होती. त्याआधी महिनाभर डाव्या बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या जरा खाली, बॉल सोडताना सुई टोचल्यासारखं व्हायचं. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "लेका, फास्ट बॉलरची कंबर दुखणारच. न दुखणारा बॉलर दाखव मला." घरी आईनं तीळतेल चोळलं, विटेचा शेक दिला. चुलत्यांनी एका चोळणाऱ्याकडे नेलं, त्यानं पाठीवर गुडघा देऊन कडकन वाजवलं. दोन दिवस बरं वाटलं. मग पट्टा, मग गोळ्या. चाचणीत मी एका टोकाकडून सलग चौदा ओव्हर टाकल्या, चार विकेट काढल्या आणि घरी जायला निघालो तर सायकलवर टांग टाकता येईना. सायकल हातात धरून, तिच्यावरच भार देत मी मंगळवार पेठेत आलो. एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. एक्स-रे स्वच्छ म्हटल्यावर "पोरगा अंग चोरतो" असं बोललं जाऊ लागलं. त्या चौदा ओव्हरपेक्षा हे बोलणं मला जास्त दिवस दुखलं.

२००४ साली स्कॅन झाला तेव्हा कळलं. कमरेच्या पाचव्या मणक्याला दोन्ही बाजूंनी जुन्या, न जुळलेल्या चिरा आणि मणका थोडा पुढे सरकलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आधी डावीकडे चीर पडली असणार. ती वेळेत सापडून विश्रांती मिळाली असती तर जुळलीही असती. ती राहिली, भार उजवीकडे गेला, मग उजवीकडेही चीर गेली.

हे का होतं ते मला माझ्या धंद्यामुळे चटकन उमगलं. शाफ्ट एका दणक्यात क्वचितच तुटतो. एकाच जागी लाखो वेळा थोडा थोडा वाकला की पृष्ठभागावर केसाएवढी चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि एक दिवस नेहमीच्याच लोडवर शाफ्ट दोन तुकडे होऊन पडतो. म्हणून आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला लाल डाय लावतात, पुसून काढतात आणि वर पांढरा डेव्हलपर मारतात. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर कमरेत चढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली, एका कुशीला झुकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हातानं टाकणाऱ्याचा भार बहुतेक वेळा डाव्या बाजूला, मणक्याच्या मागच्या कमानीतल्या अगदी अरुंद हाडावर येतो. पोरसवदा वयात ते हाड अजून पक्कं झालेलं नसतं. साध्या एक्स-रेत सुरुवातीची इजा बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआय केला तर हाडाला आलेली सूज चीर पडायच्या आधीच दिसू शकते. एमआरआय हा आपला लाल डाय समजा.

एक फरक मात्र फार मोठा आहे. लोखंड स्वतःला सांधत नाही. हाड सांधतं. त्याला फक्त दिवस द्यावे लागतात आणि ते कुणी द्यायला तयार नसतं.

भाच्याला मी त्या रात्रीच डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. डावीकडे कळ आली, उजव्या पायावर आली नाही. एवढ्यानं निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे नेण्याइतकं मला पुरेसं होतं. एमआरआयमध्ये हाडाला सूज होती, चीर नव्हती. बॉलिंग पूर्ण बंद. बहिणीनं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "निदान तीन-चार महिने, दुखणं थांबलं तरी." हे शेवटचे तीन शब्द आयाबापांनी नीट ऐकावेत. तीन आठवड्यांत त्याचं दुखणं थांबलं होतं आणि पोरगा रोज मला फोन करून "मामा, आता एक ओव्हर तरी" म्हणत होता. आम्ही दिली नाही. गणपती गेले, दसरा गेला. दसऱ्यानंतर फिजिओच्या सांगण्यावरून त्यानं पहिल्या दिवशी २४ बॉल टाकले, तेही अर्ध्या रन-अपवरून, मध्ये एक दिवस सोडून पुन्हा २४.

माझ्यासारख्या प्रौढ माणसाची गोष्ट वेगळी आहे. माझ्या चिरा आता जुळणार नाहीत. पण स्कॅननंतर मला भेटलेल्या फिजिओ बाई म्हणाल्या होत्या, "तुमचं हाड आहे तसंच राहील. आजूबाजूचे स्नायू मात्र तुमच्या हातात आहेत." त्या वाक्यावर मी आजवर खेळतोय.

दोन वर्षं मी बॉल हातात घेतला नाही. रोज पहाटे चटईवर कोपराच्या आधारानं कुशीवर अंग उचलून धरायचं, रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय एकदम सरळ करायचा, उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलायची. सुरुवातीला दहा सेकंदांत अंग थरथरायचं. कुणाला कुठला व्यायाम योग्य ते ज्याच्या त्याच्या फिजिओनं ठरवावं, माझं बघून करू नये. मग ॲक्शन, म्हणजे बॉल टाकायची ढब. पूर्वी माझी कंबर फलंदाजाकडे उघडी असायची आणि खांदे मात्र आडवे. वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे, मधे मणका पिळून निघायचा. शॉपच्या मागच्या शेडमध्ये खडूची रेघ ओढून, सुटीच्या घंटेनंतर, मी बॉलशिवाय शेकडो वेळा नुसता हात फिरवला. मागचं पाऊल फलंदाजाच्या दिशेनं, कंबर आणि खांदे एकाच रेघेत, आणि बॉल सोडल्यावर अंग डावीकडे न पडता सरळ पुढे जाऊ द्यायचं. हे अंगवळणी पडायला एक वर्ष लागलं. चौदा पावलांचा रन-अप नऊवर आला.

वेग गेला, हे खरं. कीपर आता स्टंपला चिकटून उभा राहतो. पण वेग गेल्यावरच मी बॉलिंग शिकलो असं मला मनापासून वाटतं. शिवण उभी ठेवून एकाच जागी टाकत राहायचं. क्रीजच्या टोकावरून एक टाकायचा, स्टंपजवळून एक. मॅटिंगवर ऑफ कटर, म्हणजे टप्पा पडून आत येणारा बॉल, छान पकडतो, तो बोटांनी टाकायचा, पाठीनं नाही. गेल्या जानेवारीत राजाराम कॉलेजच्या मैदानावर मी आठ ओव्हर टाकल्या, चार आणि चार अशा दोन स्पेलमध्ये. १९ धावा, ३ विकेट. एक पायचीत, एक मिडविकेटला झेल, एक यष्टिचीत. सकाळचं दव उडायच्या आत पहिला स्पेल संपवला आणि स्लिपमध्ये उभा राहण्याऐवजी मिड-ऑनला गेलो, कारण वाकून उभं राहिलं की माझी कंबर धरते. आमच्या कॅप्टनला हे सगळं माहीत आहे, तो तशी फील्ड लावतो. कॅप्टनला माहीत असणं फार महत्त्वाचं. १९९७ साली मी लपवायचो.

सामन्याच्या सकाळी बूट-मोजे घालताना कळ आली तर मी त्या दिवशी टाकत नाही, फोन करून सांगतो. गोळी खाऊन मैदानात उतरत नाही. एकदा उतरलो होतो, अंतिम सामन्याला. गोळीनं दुखणं झाकलं आणि मी अकरा ओव्हर टाकल्या. पुढचे अकरा दिवस पाठ टेकून होतो, पगार बुडाला, बायकोला नोकरी सांभाळून माझं सगळं करावं लागलं. आणि दुखणं पायात उतरायला लागलं, पाय बधिर वाटला किंवा लघवीवरचा ताबा जातोय असं वाटलं, तर बॉलिंगचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कामावरही सांभाळावं लागतं. लेथसमोर मी वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवलाय. अर्ध्या-अर्ध्या तासानं एकेक पाय त्यावर ठेवून उभा राहतो. लेथचा जड चक उतरवायचा तर चेनपुलीनंच. आमच्या पेठेतल्या सात-आठ बॉलरांना, जे दिवसभर उभ्यानं काम करतात, मी हा ठोकळा करून दिलाय.

आपल्या गावात दुखणं अंगावर काढणाऱ्याला मान आहे. त्याचं कारण लोक तालमीकडे दाखवतात. मला हे पटत नाही. माझे आजोबा तालमीतले. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी पाचशे जोर काढायला लावत नसत, असं ते सांगायचे. पंचवीस जोर, पन्नास बैठका, आठवड्यानं थोडे वाढवायचे, आणि वस्तादांच्या तोंडात प्रत्येकाचा आकडा पाठ. कुणाचा खांदा लचकला तर "आज मातीत उतरायचं न्हाई" हा वस्तादांचाच हुकूम. म्हणजे मोजणं आणि थांबवणं हे आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. ते क्रिकेटच्या मैदानात तेवढं आलेलं नाही.

जगातल्या मोठ्या गोलंदाजांनीही हे भोगलंय. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीची पाठ १९७३ साली मोडली, प्लास्टरमध्ये राहिला, पुढे नेटानं व्यायाम करून, ॲक्शन बदलून १९७४-७५ च्या इंग्लंडविरुद्धच्या ॲशेस मालिकेत उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्याच पॅट कमिन्सनं नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळली, सामनावीर ठरला आणि दुसरी कसोटी खेळायला त्याला मार्च २०१७ उजाडला, रांचीत. मधल्या वर्षांत पाठ पुन्हा पुन्हा मोडत होती. आपल्या बुमराचं तर सगळ्यांनी पाहिलंय. २०१९ मध्ये कमरेला चीर, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत मालिकेतल्या ३२ विकेटनंतर मैदान सोडून जावं लागलं. त्यानंतर इंग्लंडात पाचपैकी तीनच कसोटी तो खेळला आणि हे आधीच ठरवलेलं होतं. तेव्हा चहाच्या टपरीवर त्याला नावं ठेवणारे मी ऐकले. मला तर भारतीय क्रिकेटनं केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम वाटलं. एवढ्या मोठ्या बॉलरचे बॉल मोजले जातात, तर पंधरा वर्षांच्या पोराचे का नाहीत?

आणि पोरांना मध्यमगतीची लाज वाटते, तीही जायला हवी. आपल्याच कोल्हापूरचे सदाशिव पाटील मध्यमगती गोलंदाजीवर १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर कसोटी खेळले. मैदानावरच्या किती पोरांना हे नाव माहीत आहे, शिबिरवाल्यांनी एकदा विचारून बघावं.

शिबिरं आणि स्पर्धा भरवणाऱ्यांकडे माझं मागणं खर्चाचं नाही. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक जलद गोलंदाजाच्या नावाची एक वही ठेवा, नेटचे आणि सामन्याचे बॉल एकत्र लिहा. इंग्लंडच्या मर्यादा चालत नसतील तर आपल्या उन्हाला आणि आपल्या मैदानांना शोभतील अशा तुम्ही ठरवा, पण ठरवा. पोरगा एका बाजूची कंबर धरून उभा दिसला तर त्याला "आखडलंय" म्हणून तेल लावू नका. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून त्याला कामचुकार म्हणू नका, हात जोडून सांगतो.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. शालेय सामन्यांच्या बातम्यांत आपण गोलंदाजाच्या नावापुढे फक्त "४ बळी" असं छापता. त्याला किती ओव्हर टाकाव्या लागल्या ते छापत नाही. दोन आकडे जास्तीचे, जागा फार लागणार नाही. एकाच पोराच्या नावापुढे शनिवारी १४ आणि रविवारी १५ दिसले, तर कुणाचा तरी बाप, मामा, मास्तर सकाळी चहा पिताना ते वाचेल आणि सोमवारी मैदानावर जाऊन विचारेल.

सुरुवात म्हणून माझ्या भाच्याचा गेल्या रविवारचा आकडा देतो. ६ ओव्हर, दोन स्पेल, १ निर्धाव, १७ धावा, १ बळी. त्याच्या वहीत पुढच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "कंबर ठीक."

आपला,
एक टर्नर आणि गोलंदाज
मंगळवार पेठ, कोल्हापूर